बसऱ्याच्या लढाईत गेलेल्या चुलत पणजोबांचा माग कसा काढायचा? (सिन्नर तालुका, पहिलं महायुद्ध)

सिन्नरचा_वाडा

नमस्कार मंडळी. राहायला नाशकात इंदिरानगरला आहे, मूळ गाव सिन्नर तालुक्यात. गावचा वाडा पाडायला काढलाय, भिंती पार फुगल्यात, म्हणून दिवाळीनंतर सगळे भाऊबंद सामान आवरायला जमलो होतो तेव्हा माजघरातल्या फडताळात लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून ठेवलेली एक जड गोल चकती सापडली. वर्षानुवर्षं तेल मुरून काळी झालेली. काका मोडीत टाकणार होते पण बोटाला काहीतरी उठावाचं लागलं म्हणून चिंच लावून घासली तर एक बाई उभी, हातात त्रिशूळ, पायाशी सिंह, आणि एका चौकोनात इंग्रजीत आमच्या घरातलं नाव. पणजोबांच्या धाकट्या भावाचं.

घरात त्यांना धाकले बाबा म्हणायचे. आम्हाला एवढंच माहीत की ते बसऱ्याच्या लढाईत गेले आणि परत आले नाहीत. माझी आत्या, तिचं वय आता ऐंशीच्या पुढे, तिनं धाकल्या बाबांच्या आईला लहानपणी बघितलेलं आहे, आणि तिच्याकडून ऐकलेलं ती सांगते की धाकला फार हुशार होता, गावातून व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला तो पहिला. त्या काळी फायनल झाली की शाळामास्तर होता यायचं, मास्तरांनी तसा शब्दही टाकला होता म्हणे, पण विहिरीचं कर्ज अंगावर होतं आणि पलटणीत महिना ११ रुपये पगार मिळायचा म्हणून गेला. लग्न ठरलेलं होतं, झालं नव्हतं. आत्या म्हणते तो "भुकेनं गेला", गोळीनं नाही, पण हे घरी कोणी आणि कसं सांगितलं ते कोणालाच माहीत नाही.

अजून दोन पत्रं आहेत, मोडी लिपीत लिहिलेली, एकावर हिरवट स्टॅम्प आहे आणि त्यावर आय.ई.एफ. असं छापलंय. आमच्यात मोडी कोणाला येत नाही.

मला तीन गोष्टी हव्यात. कुठल्या पलटणीत होते, कुठल्या तारखेला गेले, आणि कुठे कबर किंवा दगड काही आहे का. घरात त्यांचा एक फोटो नाही, तिथी नाही, सर्वपित्रीला आम्ही सगळ्यांबरोबर पान ठेवतो तेवढंच. माहिती असेल त्यांनी प्लीज सांगा.

देवळालीकर

आधी एक सांगतो, ती चकती परत घासू नका. चिंच, लिंबू, ब्रासो काहीही नको. मऊ फडक्यानं पुसा आणि कोरडी ठेवा, नावाची अक्षरं झिजली तर गेली.

तिला मेमोरियल प्लाक म्हणतात. इंग्रज सोल्जर लोक डेड मॅन्स पेनी म्हणायचे, पेनीच्या नाण्यावर पण तीच ब्रिटानिया (ब्रिटनचं प्रतीक असलेली बाई) असायची म्हणून. ब्राँझची असते, साधारण १२ सेंटिमीटर व्यास, कडेनं गोल अक्षरात लिहिलेलं असतं ही डाइड फॉर फ्रीडम अँड ऑनर. महायुद्धात जे जे गेले त्यांच्या घरी ही पाठवली, १३ लाखांहून जास्त काढल्या होत्या. एक गोष्ट लक्षात घ्या, तिच्यावर हुद्दा नसतो, मुद्दाम ठेवला नाही, जनरल असो नाहीतर शिपाई असो, नुसतं नाव. त्यामुळे चकतीवरून पलटण कळणार नाही.

पलटण कळते मेडलवरून. घरात चांदीचं एक गोल मेडल असायला हवं, एका बाजूला पंचम जॉर्जचं तोंड, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा माणूस. त्याची कड बघा, चपटी बाजू नाही, कड, जिथे नाण्याला दाते असतात तिथे. बारीक अक्षरात नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेली असते. भिंग घ्या. आणि १९१५ संपायच्या आत तिकडे पोचले असतील तर एक ब्राँझचा तारा पण मिळाला असेल, त्याच्या पाठीमागे तेच सगळं लिहिलेलं असतं. वाईट एवढंच की चांदीची मेडलं खूप घरांनी अडीअडचणीला सराफाकडे मोडली. तुमच्याकडे असेल तर देवघरात, जुन्या ट्रंकेत, बायकांच्या दागिन्यांच्या डब्यात शोधा.

स्टॅम्पवरचं आय.ई.एफ. म्हणजे इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स. मेसोपोटेमियात म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली ती फोर्स डी. बसरा म्हणताय म्हणजे हेच.

निफाडकर८१

दिल्लीला इंडिया गेटवर सगळ्यांची नावं कोरलेली आहेत ना, तिथे कोणालातरी पाठवून बघा.

देवळालीकर

@निफाडकर८१ बऱ्याच जणांना तसं वाटतं पण नाही. इंडिया गेट त्या युद्धातल्या सगळ्यांसाठी बांधलं हे खरं, पण भिंतीवर जी १३ हजारांच्या वर नावं आहेत ती मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि १९१९ च्या अफगाण लढाईत गेलेल्यांची. बसऱ्याकडच्यांची नावं बसऱ्याच्या मेमोरियलच्या खात्यात येतात.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची वेबसाइट आहे, फुकट आहे, तिथे सर्च करा. पण नुसतं नाव टाकून काही मिळणार नाही, कारण कारकुनाला जसं ऐकू आलं तसं त्यानं लिहिलं. जाधवचं जाधाव, पवारचं पोवार, गायकवाडचं गायकवार. त्यापेक्षा फोर्समध्ये इंडियन निवडा, देश इराक, आणि जादा माहितीच्या रकान्यात नाशिकचं जुनं स्पेलिंग टाका, एच नसलेलं, एन ए एस आय के. शिपायांच्या नोंदीत बऱ्याचदा बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असतो. मराठा पलटणींत कोकण आणि सातारा भागातली माणसं भरपूर, नाशिकची त्या मानानं कमी, त्यामुळे यादी फार लांब येणार नाही. फक्त मराठा पलटणींवर अडून बसू नका, बॉम्बे सॅपर्स, खेचरांच्या तुकड्या, १९१७ ला उभी राहिलेली १११ महार पलटण, सगळीकडे बघा.

गंगाघाट

रामकुंडावर विचारलंत का? हसू नका कोणी, मी गंगेवरच, म्हणजे गोदाकाठी, लहानाचा मोठा झालोय. आपल्या तीर्थोपाध्यायांकडे गावनिहाय नामावळ्या असतात, तुमच्या गावचे आणि तुमच्या आडनावाचे उपाध्ये कोण ते ठरलेलं असतं, आणि तुमच्या घरातलं कोणीही पूर्वी विधीला आलं असेल तर त्याच्या हातची नोंद त्या वहीत असते, कोणासाठी आलो, बरोबर कोण होतं, बापाचं नाव, आजाचं नाव. शंभर सव्वाशे वर्षांपूर्वीच्या वह्या अजून नीट आहेत.

आणि तुमच्या बाबतीत नोंद असायची शक्यता जास्त आहे. देह मिळाला नाही, परमुलखात गेला, असं झालं की दर्भाचा नाहीतर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात आणि मग पुढचं सगळं करतात. असा विधी गावात करण्यापेक्षा लोक नाशिकला किंवा त्र्यंबकला यायचे. सिन्नर काही लांब नाही. आत्याबाईंना विचारा, घरातलं कोणी नाशकाला येऊन असं काही करून गेलं होतं का. वार सोमवार आणि पर्वणी सोडून सकाळी लवकर या, गर्दीत त्यांना वही काढायला वेळ नसतो.

रोखठोक_नाशिक

राग मानू नका पण स्पष्ट बोलतो. ही माणसं लढली कोणासाठी? इंग्रजांच्या तेलाच्या विहिरींसाठी. तिकडे इराणमधल्या अबादानचं तेल सांभाळायचं म्हणून पहिल्यांदा फौज उतरवली. याच नाशकात २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेनं कलेक्टर जॅक्सनला गोळी घातली आणि १९१० मध्ये अठराव्या वर्षी फासावर गेला. आठवण काढायची तर त्याची काढावी. इंग्रजांनी दिलेली चकती जपून काय करायचं?

जुनी_पानं

@रोखठोक_नाशिक कान्हेरेंची आठवण काढायलाच हवी, त्यात वाद नाही. पण एकाची आठवण काढली म्हणून दुसऱ्याची पुसायची का? हा पोरगा कान्हेऱ्यांच्याच वयाचा असेल, थोडा इकडे तिकडे. एकाकडे पिस्तूल आलं, एकाकडे विहिरीचं कर्ज. पलटणीत गेलेल्या शेतकऱ्याच्या पोराला अबादान कुठे आहे हे कोणी सांगितलं नव्हतं. आणि त्या वर्षांत भरतीला पाठिंबा इंग्रजांच्या हस्तकांचाच होता असंही नाही, टिळकांनी स्वराज्याचे हक्क मागत मागत लोकांना पलटणीत जायला सांगितलं होतं, गांधीजी १९१८ मध्ये खेड्यापाड्यांत भरतीसाठी पायी फिरले. आज आपल्याला शेवट माहीत आहे म्हणून निवाडा सोपा वाटतो.

मूळ प्रश्नाकडे. "भुकेनं गेला" हे आत्याबाईंचं वाक्य वाचून मी थांबलो, कारण ते इराकमधल्या कूतच्या वेढ्याशी जुळतं. मी इतिहास शिकवायचो, हा विषय माझ्या फार जवळचा आहे म्हणून जरा लांबण लावतो.

नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा घेतलं, मग जनरल टाउनशेंडच्या हाताखाली सहावी पूना डिव्हिजन टायग्रिस नदीच्या काठानं वर वर सरकत गेली, जून १९१५ ला अमारा, सप्टेंबरमध्ये कूत, आणि नोव्हेंबरच्या शेवटी बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला अडली. प्रचंड माणूस कापला गेला. जखमींना बिनस्प्रिंगच्या खेचरगाड्यांत घालून नदीपर्यंत आणलं, मोडलेल्या हाडांसकट, त्या हालअपेष्टांची पुढे विलायतेत चौकशी झाली. उरलेली डिव्हिजन मागे फिरून कूतमध्ये शिरली आणि ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांनी वेढा घातला. या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. तिन्ही आत अडकल्या.

वेढा जवळजवळ पाच महिने चालला. जानेवारीत नदीला पूर आला, खंदकांत पाणी, थंडी, मग धान्य संपत गेलं. घोडी आणि खेचरं मारून खायला दिली तर हिंदुस्थानी शिपायांपैकी बहुतेकांनी नाही म्हटलं, गावात परत गेलो तर जातीत घेणार नाहीत ही भीती होती. इकडून धर्मगुरूंच्या परवानग्या मागवून तारेनं कळवल्या तरी एप्रिल उजाडेपर्यंत बरेच जण हात लावत नव्हते. ना भाजी ना मांस, त्यामुळे आपल्या लोकांना स्कर्व्ही झाला, हिरड्यांतून रक्त, जुन्या जखमा उघडायच्या. गोऱ्यांना पांढऱ्या पावामुळे बेरीबेरी (जीवनसत्त्व कमी पडून होणारा रोग) व्हायचा, आपले लोक कोंड्यासकट आटा खायचे म्हणून त्यातून बऱ्यापैकी वाचले, पण स्कर्व्हीनं धरलं. बाहेरून सोडवायला आलेल्या फौजेची सुमारे २३ हजार माणसं मेली किंवा जखमी झाली आणि तरी वेढा फुटला नाही. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. सुमारे १३ हजार कैदी झाले, पुढे त्यांना वाळवंटातून चालवत नेलं, हिंदुस्थानी शिपायांना मुख्यतः रास अल ऐनकडे बगदाद रेल्वेच्या कामाला लावलं.

घरी "भुकेनं गेला" असं कोणी सांगितलं असेल तर ते बहुतेक सुटून आलेल्या एखाद्या पलटणवाल्यानं. सरकारी कागदात असं कोणी लिहीत नाही.

सिन्नरचा_वाडा

सगळ्यांचे मनापासून आभार, उशीर झाला लिहायला पण बरंच काही हाताला लागलंय.

मेडल मिळालं! काकूच्या देवघरात, टाकांच्या डबीत. आजवर सगळे त्याला खंडोबाचा टाक समजून हळद-कुंकू वाहत होते, घोड्यावरचा माणूस ना तो. कडेत इतकं कुंकू भरलेलं की अक्षरं दिसत नव्हती, लाकडी काडीनं हळूहळू काढलं (देवळालीकर, पाणी सुद्धा लावलं नाही). नंबर, शिपाई, नाव, १०३ मराठा लाइट इन्फंट्री.

मग वेबसाइटवर बसलो. त्याच नावाचे १०३ मध्येच दोन निघाले, पण एकाच्या पुढे साताऱ्याचं गाव होतं आणि दुसऱ्याच्या पुढे आमच्या खापरपणजोबांचं नाव, गावाचं स्पेलिंग पार बिघडलेलं, पुढे सिन्नर, नाशिक. नंबर मेडलवरचाच. तारीख मार्च १९१६ ची. म्हणजे वेढ्याच्या आतच गेले, कैद त्यांच्या वाट्याला आली नाही. आत्याला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली मग म्हातारी खरंच सांगत होती.

पत्रं मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांनी वाचून दिली, दोन्ही अमाऱ्याहून, १९१५ च्या उन्हाळ्यातली. एकात सगळं घरचं आहे, विहिरीचा हप्ता भरला का, पांढऱ्या बैलाचा खूर बरा झाला का, बहिणीला शाळेत घालायचं म्हटलं होतं त्याचं काय केलं. बहिणीच्या शाळेचं दोन्ही पत्रांत आहे. १९१५ साली सिन्नर तालुक्यातला एक शिपाई इराकमधून विचारतोय की मुलीला शाळेत घातली का. दुसऱ्यात लिहिलंय की पलटणीत लिहिता येणारे थोडे म्हणून सगळ्यांची पत्रं तोच लिहितो, स्वतःचं शेवटी लिहायला घेतो तोवर उजेड जातो, आणि सुभेदारसाहेब म्हणाले की असाच राहिलास तर लवकर नाईक होशील. खरंच अक्षर खाली खाली वाकडं होत गेलंय. बहीण शाळेत गेली की नाही ते आत्याला सांगता आलं नाही.

रामकुंडाचं पण खरं निघालं. आमचे उपाध्ये सापडायला दोन घरं फिरलो, पण वही निघाली आणि त्यात शके १८३९ ची नोंद आहे, खापरपणजोबा आणि पणजोबा आलेले, धाकट्या मुलाच्या पुतळाविधीसाठी. म्हणजे १९१७-१८. गेल्यावर वर्ष दीड वर्षानं त्यांना कळलं असणार, किंवा कळूनही तोवर मन मानलं नसेल. खाली पणजोबांची सही, मोडीत. त्याच्या शेजारी आता माझी पण नोंद करून आलो.

आता कबरीचं. वेबसाइटवर बसरा मेमोरियल, पॅनेल नंबर एवढंच आहे. तिथे त्यांचं नाव खरंच कोरलेलं आहे का?

देवळालीकर

तुमचं वाचून फार बरं वाटलं. १०३ म्हणजे आत्ताच्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण. १९२२ ला सगळ्या मराठा पलटणी एका रेजिमेंटमध्ये आल्या, सेंटर बेळगावला आहे, तिथे मेडल आणि पत्रांचे फोटो जोडून लिहा. रेजिमेंटला अशा गोष्टींची किंमत असते.

नावाचं सांगायला जड जातंय. बसरा मेमोरियलवर ४० हजारांच्या वर माणसांची नोंद आहे, ज्यांची कबर माहीत नाही अशांची. १९२९ मध्ये ते उघडलं तेव्हा गोऱ्या शिपायांची नावं कोरली, हिंदुस्थानी अफसरांची कोरली, पण हिंदुस्थानी शिपायांची नाही. पलटणीचं नाव आणि खाली आणखी इतके शिपाई, असा आकडा. नावं फक्त कागदाच्या रजिस्टरात, तीच तुम्हाला वेबसाइटवर दिसली. मेमोरियल सुद्धा १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमानं मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेलं. कमिशननं २०२१ च्या अहवालात हा भेदभाव कबूल केला आणि माफी मागितली. पण दगडावर तुमचे धाकले बाबा अजून त्या आकड्यातच आहेत. चकतीवर जनरलच्या बरोबरीनं नाव, आणि भिंतीवर नाही. मला स्वतःला याचा फार संताप येतो, फौजेत इतकी वर्षं काढली म्हणून जास्तच येत असेल.

रोखठोक_नाशिक

पत्रातलं बहिणीच्या शाळेचं वाचलं. दगडावर फक्त आकडा असेल तर गावात नाव लागलंच पाहिजे, या मताचा मी पण आहे. दगड बसवायचा असेल तर माझ्या ओळखीचे घडवणारे आहेत पंचवटीत, कळवा.

सिन्नरचा_वाडा

@रोखठोक_नाशिक नक्की कळवतो, धन्यवाद. घरात ठरलंय की वाड्याच्या जागी घर होईल तेव्हा जोत्यातलाच एक दगड काढून शाळेच्या आवारात बसवायचा, ग्रामपंचायतीशी बोलणं चालू आहे. सरपंच तयार आहेत, नाव, बापाचं नाव, पलटण, तारीख आणि कूत. हुद्दा नको असं माझं मत होतं पण आत्या म्हणते शिपाई लिहा, पत्रात त्यानं नाईक होणार लिहिलंय, झाला नाही, जे होता ते लिहा. म्हणून शिपाई लिहितोय.

आता एक मदत हवी. यादी चाळताना सिन्नर तालुक्यातले अजून काही जण दिसले, त्यातला एक आमच्या शेजारच्या गावचा वाटतो, खेचर तुकडीतला ड्रायव्हर, १९१७ ला गेलेला. गावाच्या स्पेलिंगवरून ठाणगाव, दोडी किंवा त्या पट्ट्यातलं कुठलंही असू शकतं. ज्यांच्या घरात अशी चकती आहे, किंवा म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून बसऱ्याची लढाई ऐकलेली आहे, त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी नोंदीचा फोटो पाठवतो. दगड एकच बसणार आहे, त्यावर दोघांची नावं मावतील.